आउटबॉक्समधली चार पत्रं

घशाच्या ऑपरेशनमध्ये अंबिकाचा आवाज गेला, आणि फोनवर बोलणं संपलं. किनवटच्या आश्रमशाळेत तिने आणि सत्यशीलाने बावीस वर्षं एकत्र नोकरी केली होती. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टायपिंगही दोघी सोबतच शिकल्या होत्या. त्यामुळे किनवटहून अंबिका आणि मुदखेडला एकटी राहणारी सत्यशीला एकमेकींना मेल लिहू लागल्या.

दिवाळीनंतर अंबिकाचं उत्तर येईना. सत्यशीलाने चार पत्रं लिहिली. मेलचा प्रोग्राम उघडला की पासवर्ड मागणारी चौकट यायची. भरला तरी पुन्हा यायची. मग ती चौकट बंद करायची. पत्र यादीत दिसायचं, म्हणजे गेलं असणार. पाचवं तिने लिहिलं नाही. आजारपणात माणसाला कुणी नकोसं होतं, अशी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी रेडिओ नुसता लावून ठेवायची.

फेब्रुवारीत लातूरहून भाची महामायाचा फोन आला. ती कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. बोलता बोलता त्या चौकटीचा विषय निघाला.

“आत्या, नुसता पासवर्ड आता चालत न्हाई. सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशन, म्हंजी ओळख पटवायची पद्धत, लिहिलेलं हाय का?”

“हाय. लई पर्याय हायत. ‘काहीच नको’ असंबी एक हाय. तेच करू का?”

“न्हाई! ओऑथ-टू निवड, ती नवी पद्धत हाय. खिडकी उघडंल, तिथं पासवर्ड दे आन् परवानगी दे.”

सत्यशीलाने तसं केलं. फोन ठेवेपर्यंत अंबिकाची पाच पत्रं येऊन पडली.

चौथं जानेवारीतलं होतं. “मंगळवारी तपासणीला नांदेडला निघालेय. मुदखेडला गाडी दहा मिनिटं थांबते. फलाटावर ये. बोलता येणार नाही, बघता तर येईल.”

पाचवं दोन दिवसांनंतरचं. “गाडीच्या दारात उभी राहिले होते. तू दिसली नाहीस.”

त्या मंगळवारी सत्यशीला घरीच होती. गाडीची शिट्टी तिच्या स्वयंपाकघरात ऐकू येते.

तिने घाईघाईने उत्तर लिहिलं आणि पाठवायचं बटण दाबलं. चौकट परत आली. तिने आउटबॉक्स उघडला. जुनी चारही पत्रं न जाता तिथेच पडून होती. तिने लातूरला फोन लावला.

“जाणाऱ्या मेलचं सेटिंग येगळं अस्तं, आत्या. तिथंबी ओऑथ-टू कर. मंग साचलेलं समदं आपोआप जाईल.”

“समदं?”

“हाव.”

सत्यशीलाने हात आवरला. चौथं पत्र उघडून वाचलं. “माझा कंटाळा आला असेल तर तसं सरळ लिही,” असं तिनेच लिहिलं होतं. ते अख्खं पत्रच पुसून टाकलं. मग सेटिंग बदललं. उरलेली तीन जुनी पत्रं आणि आजचं उत्तर एका दमात गेलं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.

“सत्या, तुझी पत्रं सलग वाचली. राग गेला. पण तू लिहीत नाहीस याची सवय करून घेतली होती, ती लगेच मोडायची नाही. मागच्या महिन्यात मुलाने मला पुण्याला आणलं. किनवटचं घर दिलं भाड्याने. आता तपासणीला जाताना वाटेत मुदखेड लागणार नाही.”

सत्यशीलाने लिहायला घेतलं, “मीच येते.” दुखऱ्या गुडघ्याकडे पाहिलं, लिहिलेलं पुसलं. पुन्हा तेच लिहिलं आणि पाठवलं. पत्र लगेच गेलं. उत्तराची वाट बघत ती खुर्चीत बसून राहिली.