बिनमाशांची टाकी

थोरलीला मासे कधीच आवडले नव्हते. तरीही धाकट्या जावेच्या टाकीपेक्षा चांगली वीतभर लांब टाकी तिने विकत आणली आणि बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांच्या खुर्चीसमोरच मांडली. कारण उघड होतं. सासरे राहायचे थोरलीकडे, जेवायचे थोरलीकडे, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा थोरलीला तोंडपाठ. आणि संध्याकाळ झाली की म्हातारबुवा पायात चपला सरकवून निघाले धाकटीचे मासे बघायला! शिवाय परत आल्यावर कौतुक, "काय टाकी ठेवते ती पोरगी!" ते ऐकून थोरलीच्या पोटात जे दुखायचं त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे गोळी नव्हती.

टाकी विकणाऱ्या मासेवाल्याने बजावलं होतं, "पाणी तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर नुसती झाडं लावा, मासे सोडू नका." हे कळताच धाकटीने आपण होऊन स्वतःच्या टाकीतली पाणवनस्पतीची एक जुडी आणून दिली. "घ्या हो ताई, माझ्याकडे खूप आहे." ते 'माझ्याकडे खूप आहे' थोरलीला असं काही झोंबलं की ती चहा विचारायलाही विसरली. म्हणजे विसरली नाही, विचारला नाही.

पण टाकीने काम केलं. मासे नसतानाही सासरे संध्याकाळचे घरी थांबू लागले. ते जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले होते. त्या कामातलं जुनं भिंग डोळ्याला लावायचं, स्टूल ओढायचं आणि काचेला नाक टेकवून बसायचं. थोरली मनातून फुलून गेली. एवढं काय बघतात, हे मात्र तिला कळेना.

कळलं ते एका रविवारी, सासरे केस कापायला गेले असताना. काचेवर आतून पांढरे ठिपके होते. थोरली लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर काम करायची. शाई असो, गंज असो, ठिपका दिसला की तिचा हात थांबत नसे. तिने बाही सरसावली, हात पाण्यात घालून नखाने खरवडलं, आणि ठिपक्याने टुणकन उडी मारली. तिने किंचाळून हात बाहेर काढला. नीट पाहिलं तर टाकीभर असले शेकडो ठिपके वळवळत होते.

"तरीच!" ती एकटीच बोलली. "तरीच एवढा पुळका आला होता. किडकं झाड मारलं माझ्या गळ्यात!" आणि सासऱ्यांचं भिंगही तिला आता उमगलं. दुसऱ्याच्या कामातली खोट शोधण्यात त्या माणसाचा जन्म गेलेला. इतके दिवस ते तिच्या टाकीतली घाण न्याहाळत होते, आणि धाकटीला जाऊन सांगणार होते. नुसत्या कल्पनेने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने टाकी उपसली. झाड कचऱ्यात टाकलं. वाळूवर कढत पाणी ओतलं, लाँड्रीतलं औषध लावून काच घासली, मग सगळं कितीतरी वेळा खळबळून नवं पाणी भरलं. टाकी लखलखू लागली.

सासरे आले, भिंग लावलं, बसले. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"कुठे गेली?"

"कोण, बाबा?"

"ती पिशव्यांवाली. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या घेऊन हिंडायची. टाचणीच्या टोकाएवढी, पण सगळं जिथल्या तिथे. आज-उद्या पिल्लं सुटणार होती तिची. तुला बोलावून दाखवणार होतो."

"अहो, किडे होते ते!"

"हो, किडेच होते," सासरे म्हणाले. त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.

त्या संध्याकाळपासून ते पुन्हा धाकटीकडे जाऊ लागले. थोरली लखलखीत टाकीसमोर बसायची आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची. जिंकलेला डाव तिने आपल्या हाताने धुऊन टाकला होता.

शेवटी तिने मासेवाल्याला गाठलं. तो हसला. "ते झाडासोबत येतात. जिथे मासे असतात तिथे मासे त्यांना खाऊन टाकतात, म्हणून दिसत नाहीत. पुन्हा तसलंच झाड आणा."

कामावरून परतताना मान खाली घालून ती धाकटीच्या दारात उभी राहिली. "माझं झाड गेलं गं. एक जुडी देतेस?"

"अय्या, त्यात विचारायचं काय!" धाकटीने लगेच एक जुडी उपटली. "बाबा सांगत होते तुमच्या त्या टाकीचं. पिशव्यांवाली काय न् काय! मी म्हटलंच, इतके दिवस हे इकडे फिरकले कसे नाहीत. खुर्ची रोज मांडून ठेवत होते मी."

बोलता बोलता तिने मोरीचा नळ सोडला आणि जुडी धारेखाली धरली. एकेक पान बोटांनी चोळलं. मुळं पिळली.

"अगं, राहू दे," थोरली म्हणाली.

"असं कसं? पुन्हा किडे झाले तर तुम्हालाच त्रास." धाकटी वळून गोड हसली. ते हसू थोरलीच्या चांगल्याच ओळखीचं होतं; टाकी आणली त्या दिवशी ती स्वतः अगदी असंच हसली होती. "धुऊ नकोस" एवढे दोन शब्द तिच्या ओठांवर आले. पण ते म्हणायचे तर का, ते सांगावं लागलं असतं.

तिने स्वच्छ धुतलेली जुडी घेतली आणि म्हणाली, "थँक्यू हं."