वजनाआधीचं पाणी

वजन उचलण्याच्या स्पर्धेत सगळ्यांत जड गटाला वरची मर्यादा नसते. बाकीच्या गटांतले लोक स्पर्धेआधी उपाशी राहतात, स्वेटर घालून जिने चढतात-उतरतात, बाटलीत थुंकत बसतात. जड गट जेवत असतो. त्याच खोलीत, त्याच टेबलावर, उपाशी माणसांच्या समोर जेवत असतो, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

ज्याला रणगाडा म्हणायचे त्या जड गटातल्या पोरालाही वाटलं नव्हतं. वजन द्यायला तो चपला घालून जायचा, हातात केळं असायचं. काट्यावरचे पंच आकडा लिहायचे आणि म्हणायचे, उतर बाबा, सरकारी काटा आहे. एवढीच त्याची परीक्षा. पोटात काय गेलं, किती गेलं, कधी गेलं, हा हिशेब त्याला जन्मात कधी करावा लागला नव्हता. त्याच्या वाटचा तो हिशेब त्याच्या मोठ्या बहिणीनं, ताईनं केला होता.

ताई सगळ्यांत हलक्या गटात. व्यायामशाळेत तिला पावशेर म्हणायचे. खरं तर बार आधी तिनंच धरला. हा तेव्हा नुसता तिची पिशवी घेऊन मागे मागे यायचा आणि कोपऱ्यात बसून पाव खायचा. एक दिवस शिकवणाऱ्या सरांचं लक्ष त्याच्या मांड्यांकडे गेलं. म्हणाले, हे कुठे लपवून ठेवलं होतंस गं? त्या दिवसापासून घरातल्या अंड्यांची दिशा बदलली.

आई वाईट नव्हती. आईचं म्हणणं सरळ होतं: हिला वजन वाढवायचं नाही, त्याला वाढवायचंय, मग दूध कुणाला? आता यावर काय बोलणार? अन्यायाला इतकं रीतसर कारण सहसा मिळत नाही. ताई पार्सलच्या गोदामात खोकी लावायची, तिथून व्यायामशाळेत यायची, घरी येऊन अर्ध्या पावावर ताट सारायची. राहिलेला अर्धा याच्या ताटात. तोही खायचा. म्हणायचा, ताई, तुला खरंच नकोय ना? आणि उत्तर यायच्या आत संपवायचा.

या वर्षीच्या स्पर्धेतून प्रत्येक गटातला पहिला राष्ट्रीय शिबिरात जाणार होता. रणगाड्यापुढे खेळायची आणखी दहा वर्षं होती. ताईचे गुडघे जिन्यावर वाजायचे. पुढच्या वर्षी ती खेळणार नाही हे व्यायामशाळेत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

वसतिगृहात बहीण-भावाला एक खोली मिळाली. सर शेजारच्या खोलीत. रणगाड्यासाठी दोन खाटा जोडल्या होत्या आणि तरी मधल्या फटीत त्याचा हात अडकत होता. ताईनं दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं. ओठ भेगाळले होते. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती, म्हणून ती बोलतच नव्हती.

स्पर्धेच्या सकाळी उजाडता उजाडता ती खाली गेली. खाली सरावाचा काटा होता, त्यावर पाहून आली. वजन बरोबर मर्यादेत, वर एक पीसही नाही. पुन्हा येऊन पांघरुणात शिरली, कारण नुसतं पडून राहिलं, घाम आणि श्वास गेला, की अजून थोडं उतरतं.

दार वाजलं तसा रणगाडा जागा झाला. त्यानं पाहिलं, ताई बाहेरून आली आणि आडवी झाली. त्याच्या डोक्यात आलं, वजन झालं. वजन झाल्यावर सगळे आधी पाणी पितात, एवढं त्याला माहीत होतं. वजन कधी असतं हे माहीत नव्हतं. हलक्या गटातल्या पोराटोरांनाही जे कळतं ते याला कळत नव्हतं, कारण कळायची कधी गरजच पडली नव्हती. तो उठला. मोठा पेला भरला, त्यात साखर ढवळली, तिच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं आणि पेला ओठाला लावला. ती प्यायली. डोळे मिटलेलेच होते. घटाघटा प्यायली, तळाची साखरसुद्धा. त्याला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण तिला काही भरवलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात सरांनी दारावर थाप मारली. म्हणाले, "पावशेर, चल. वजनाची वेळ झाली."

रणगाडा पेला हातात धरून उभा राहिला.

काट्यानं जे सांगायचं ते सांगितलं. एक पेलाभर जास्त. नियमाप्रमाणे वेळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा काट्यावर चढता येतं. ती स्वेटर चढवून वऱ्हांड्यात दोरीवर उड्या मारत राहिली. थुंकायला थुंकी येईना. तिथल्या परिचारिकेकडून कात्री आणून तिनं वेणी कापली, मुळापासून, वेडीवाकडी. तरी अंडंभर जास्तच. वेळ संपली. पंच बाई म्हणाल्या, सॉरी, आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

सर तिला सगळ्यांसमोर बोलले. सरावाच्या काट्यावर बरोबर भरलेलं वजन, जे तिनंच त्यांना वाटेत सांगितलं होतं, ते वाढलं कसं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणाले, इतकी वर्षं खेळलीस आणि तोंडावर ताबा नाही? चोरून पाणी पितेस? तुझ्यामागे मी किती दिवस फुकट घालवले? वजनाच्या खोलीत बाकी मुली होत्या, त्यांचे प्रशिक्षक होते. सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या बघत होते.

 ताईनं कापलेली वेणी टॉवेलात गुंडाळली.

आणि रणगाडा दाराशी उभा होता. दीडशे किलोंच्या वर माणूस, अख्खं दार भरलेलं, आणि त्याच्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला नाही. त्यानं स्वतःला सांगितलं, तिला आठवत नसेल, झोपेत होती. मग सांगितलं, आता बोलून तिचं वजन थोडंच उतरणार आहे. मग सांगितलं, उद्या माझी स्पर्धा आहे, सरांचं डोकं बिघडायला नको. भित्र्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती रांग लावून येतात.

त्या दुपारी त्याच्यापुढे ताट आलं. त्यानं घास तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी वजन देताना पंच म्हणाले, काय रे, आज केळं नाही? काटा कधी नव्हे ते खाली आला होता. सरांना वाटलं पोट बिघडलं. ताईनं बघितलं.

सराव-खोलीत त्याच्याजवळ नेहमी ताईच असायची. तिच्याशिवाय त्याचं पान हलत नसे. कितव्या नंबरवर आपला बार आहे, आधी किती जण उचलणार आहेत, पट्टा कधी आवळायचा, हातांना पूड कधी लावायची, सगळं ती बघायची. त्या दिवशीही बघत होती. कापलेल्या केसांवर कुणाची तरी टोपी घातली होती.

स्नॅच कसाबसा झाला. एका झटक्यात डोक्यावर न्यायचं असतं, विचार करायला वेळ नसतो, म्हणून झाला. क्लीन अँड जर्कमध्ये बार आधी खांद्यावर घ्यायचा, उठून उभं राहायचं आणि मग वर फेकायचा. त्या उभं राहण्याच्या क्षणात माणसाला स्वतःचा विचार सुचतो. पहिल्या खेपेला बार त्याच्या पुढे पडला. दुसऱ्या खेपेला मागे. लोक हसले. जड माणूस पडला की लोक हसतातच. आता एकच खेप राहिली होती. तीही गेली तर सगळंच शून्य, स्नॅचसुद्धा धरत नाहीत.

सर पुढचं वजन कळवायला पंचांच्या टेबलाकडे धावले होते. कोपऱ्यात दोघंच होते. ताईनं त्याच्या मनगटाची पट्टी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

तो म्हणाला, "ताई, पाणी मी पाजलं तुला. मला वाटलं वजन झालं."

ती पट्टी गुंडाळत राहिली.

"तू झोपेत होतीस. तुला कळलं नाही. मी काल बोललो नाही."

"मी जागी होते," ताई म्हणाली.

त्याला कळेना.

"जागी होते. पेला ओठाला लागला तेव्हाच कळलं. हातानं ढकलायचा होता. नाही ढकलला. मला तहान लागली होती, ढोल्या. दोन दिवसांची नव्हे. लई दिवसांची." तिनं पट्टीचं टोक दातानं खेचलं. "आणि आता तू येऊन सांगतोयस की चूक तुझी. घरातलं सगळं खाल्लंस, ठीक. आता माझी चूकपण तूच खाणार?"

 तो म्हणाला, सरांना मी आता जाऊन सांगतो.

"आता सांगितलंस तर बहाणा होईल. दोनदा पाडलंय, म्हणून रडतोय म्हणतील. मी काल गप्प का बसले? तुझं आज बिघडू नये म्हणून. ते तर तू बिघडवलंसच." तिनं त्याच्या तळहातांवर पूड थापली, जरा जास्तच जोरात. "उचल. मग सांग. पाडलेल्या माणसाचं खरंसुद्धा कुणी ऐकत नाही."

भोंग्यावर त्याचं नाव आलं.

तो गेला. बारवर वाकला. जड होता, एवढंच. खांद्यावर घेतला, खाली बसला, मांड्या फुटतील असं वाटत वाटत उठला. नेहमी इथंच विचार यायचे. आज एकच आला: हे झाल्याशिवाय मला बोलता येणार नाही. फेकला. कोपरं ताणली, पाय एका रेषेत आणले, आणि पंचांनी खाली म्हणेपर्यंत उभा राहिला. तीन पांढरे दिवे लागले, उचल मान्य. तो पहिला आला होता.

सर धावत आले आणि त्याच्या पोटाला मिठी मारली, कारण पाठीपर्यंत हात पोचत नव्हते. तो तिथंच म्हणाला, "सर, तिला पाणी मी पाजलं होतं. वजन झालं असं वाटलं मला."

 सर त्याच्या दंडावर थाप मारून म्हणाले, "अरे, मग काय झालं? मुद्दाम थोडंच केलंस? मायेनं दिलंस. चल, बक्षिसाला बोलावतायत."

काल तेच पाणी चोरी होती. आज माया झाली. पाणी तेच, पेला तोच, फक्त देणारा पहिला आला होता.

रणगाड्यानं विचारलं, मग ती शिबिरात जाईल का? सर म्हणाले, यादी गेली रे, नियम नियम असतो, जाऊ दे आता ते. तो म्हणाला, मग काल तुम्ही सगळ्यांसमोर तिला जे बोललात ते चुकलं, असं सगळ्यांसमोर तिला सांगा. सर हसले. रुसलास होय, म्हणाले, आणि दंड धरून ओढायला लागले. रणगाड्याला ओढून नेईल असा माणूस त्या इमारतीत नव्हता. भोंग्यावर पुन्हा नाव आलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी सर पाय आपटत सराव-खोलीत गेले, आणि तिथे जेवढे होते तेवढ्यांसमोर, भिंतीकडे बघत, म्हणाले की काल गैरसमज झाला. चूक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. ताई म्हणाली, ठीक आहे सर. तिनंही भिंतीकडेच बघितलं.

बक्षीस घेऊन तो परत आला तेव्हा ताई बाकावर बसली होती. तो समोर जमिनीवर बसला. म्हणाला, मीही नाही जात शिबिराला.

"जा," ती म्हणाली. "नाही गेलास तर मी उपाशी कशासाठी राहिले?"

 हा माफीचा सूर नव्हता, हे त्याला कळलं. जाणं हीच त्याची शिक्षा होती, आणि ती लोकांना बक्षिसासारखी दिसणार होती.

ताईनं पिशवीतून पाव काढला. दोन तुकडे केले, आणि न बघता मोठा तुकडा त्याच्यापुढे धरला. हाताला सवय झालेली.

त्यानं तिच्या दुसऱ्या हातातला लहान तुकडा घेतला.

ताईनं उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "एवढ्यानं फिटत नाही, ढोल्या."

"माहितेय."

ती खायला लागली. घाई न करता, शेवटपर्यंत खाल्ला. त्यानं त्याचा तुकडा हातातच धरून ठेवला, तिचं खाऊन होईपर्यंत.