कोपऱ्यातला धूसर चेहरा

मित्रांनो, माझा एक कोपरा कापलेला दिसतो ना? म्हणजे मी बाद झालेले, जुने ओळखपत्र आहे. तरी मी मजेत आहे, कारण माझा सूड पुरा झाला.

बल्गेरियातल्या एका यंत्राने नेदेल्याआजींचा फोटो माझ्या अंगात दोनदा कोरला. डावीकडे मोठा, आणि उजव्या कोपऱ्यात नखाएवढा, धूसर. तो सरळ पाहिले तर दिसत नाही. उजेडाकडे तिरके धरले की उमटतो. मोठ्या फोटोत कोणी लबाडी केली तर लहान फोटोने साक्ष द्यायची. आजी मला देवाच्या तसबिरीमागे ठेवत. तिथे मी वर्षानुवर्षे धूळ खात पडले होते.

आजींची अक्रोडाची बाग होती, नवऱ्याने लावलेली. त्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेल्या. भाचा ग्रोझ्दानने कोंबड्यांना दाणे टाकायचे म्हणून किल्ली मागून घेतली आणि मला पळवले. त्याच्या बायकोने, मिनकाने, माझा मोठा चेहरा काचकागदाने घासला. आजींचे डोळे, हनुवटी, सगळ्याचा भुगा टेबलावर पडला. वर तिने आपला फोटो चिकटवला. तेव्हाच मी ठरवले, या दोघांना सोडायचे नाही.

बाग विकायला ते नोटरीकडे गेले. मिनका काळा रुमाल बांधून, कंबरेत वाकून चालत होती.

"आत्या, सावकाश हं, पायरी आहे," ग्रोझ्दान मोठ्याने म्हणाला.

"वय एकाहत्तर?" नोटरी कोलेवाबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "काय खाता हो मावशी? मलाही सांगा."

"दही," मिनका म्हणाली.

बाई हसल्या. मला खिडकीशी नेऊन त्यांनी तिरके धरले. याच क्षणाची मी वाट पाहत होते! कोपऱ्यात नेदेल्याआजी उमटल्या, सुरकुत्यांसकट.

"मावशी, दही मोठ्या फोटोलाच मानवलं वाटतं. मग या कोपऱ्यातल्या बाई कोण?"

मिनकाची कंबर झटकन सरळ झाली. पण तोवर बाईंनी पोलिसांना फोन लावला होता.

बाग वाचली. ग्रोझ्दान रडत आला, "आत्या, रक्ताचं नातं आहे गं! तक्रार मागे घे."

"माझा चेहरा घासताना कुठे गेलं होतं रक्त?" आजी म्हणाल्या. दोघांना शिक्षा झाली.

आमच्याकडे माणूस वारला की त्याचा फोटो छापलेला कागद दारांवर, खांबांवर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, मग दरवर्षी. आजींनी लेकीला बजावून ठेवले होते, "माझ्या कागदावर तो कोपऱ्यातला चेहराच मोठा करून छाप. आणि पहिला कागद ग्रोझ्दानच्या दारासमोर लाव."

आजींना जाऊन चार वर्षे झाली. कालच त्याच्या दारासमोरच्या खांबावर नवा कागद लागला. ग्रोझ्दान मान खाली घालून बाहेर पडतो, मान खाली घालून परततो.

मित्रांनो, आपले ओळखपत्र जपा, घरच्यांच्याही हाती सहज देऊ नका. आणि कोणी दुसऱ्याचा चेहरा पुसू लागला, तर त्याला सांगा, आम्ही तो दोनदा कोरून ठेवतो.