डब्याच्या पोटातलं बोलणं

तारमास्तरांचा आवाज गेला, यावर गल्लीतल्या कुणाचा आधी विश्वासच बसला नाही. सगळा जन्म तारेच्या ऑफिसात मोजक्या शब्दांत काढलेला माणूस, पण घरी आला की तोंडाचा पट्टा सुरू. डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला.

मास्तर हात टेकणाऱ्यातले नव्हते. त्यांनी एका जुन्या कीबोर्डच्या कळांवर अक्षरं चिकटवली, त्याला पत्र्याचा एक डबा जोडला आणि डब्यातून निघालेली वायर बायकोच्या मोबाइलमध्ये खुपसली. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने त्यासाठी एक अ‍ॅप लिहून दिलं. वायर जोडली की डबा आधी फोनवर विचारायचा, "ऐकतेस ना?" बाई 'हो' दाबेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच विचारायचा. पलीकडून उत्तर आल्याशिवाय पुढचा शब्द पाठवायचा नाही, ही मास्तरांची ऑफिसातली सवय. 'हो' दाबलं की ओळ उमटायची : "चहात साखर आहे की साखरेची नुसती आठवण?"

अडचण एकच होती. फोनला भोक एकच. त्यात चार्जर तरी लावा, नाहीतर मास्तर तरी. "तुमचं बोलणं पुरे, आता फोनला जेवू द्या," असं म्हणून बाई वायर उपटायच्या. डब्यात सेल होते, त्यामुळे मास्तर तरीही कळा बडवतच राहायचे, विशेषतः कुणाला शिव्या द्यायच्या असल्या की. एकदा बाईंची थोरली बहीण बसलेली असताना वायर परत जोडली गेली, आणि डब्याने पोटात धरून ठेवलेलं सगळं फोनवर भडाभडा ओकलं. "ही भवानी आता जेवल्याशिवाय हलत नाही." आक्का न जेवता गेल्या. मास्तर खांदे हलवत, बिनआवाजाचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्या शेवटच्या संध्याकाळी मुलीचा फोन यायचा होता आणि मोबाइलमध्ये जीव नव्हता. मास्तरांनीच आपली वायर काढली आणि चार्जर पुढे केला. बाई भिंतीशी उभ्या राहून बोलत होत्या. मुलगी नव्या वॉशिंग मशीनचं रडगाणं गात होती. पाठीमागे कळांची टकटक चालली होती, नेहमीपेक्षा जरा सावकाश.

"थांबा हो," बाई मागे न बघताच म्हणाल्या, "जावयाला शिव्या नंतर द्या."

बोलणं आटोपून वळल्या तेव्हा मास्तर खुर्चीत मान टाकून पडलेले. डोळा लागला असेल म्हणून बाईंनी अंगावर शाल घातली आणि स्वयंपाकाला लागल्या. जेवायला उठवायला गेल्या, तेव्हा कळलं.

त्या गडबडीत मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला, आणि त्याच्याबरोबर अ‍ॅपही बुडालं. मुलगी तेव्हा येऊन गेली, पण तेव्हा कुणाला काय सुचणार! मागाहून बाईंच्या मनाने एकच धरलं. मास्तर काय म्हणत होते ते डब्याच्या पोटात आहे. पोर सवडीने येईल, नव्या फोनवर अ‍ॅप घालेल आणि ते बाहेर येईल. शेजारणीला त्या सांगायच्यासुद्धा, "आमचं अजून एक बोलणं शिल्लक आहे."

उन्हाळ्यात मुलगी आली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दोन दिवस खपली. मग म्हणाली, "आण आई, डबा."

बाईंनी कपाटातून डबा काढला. मऊ फडक्यात गुंडाळलेला. बरोबर कागदाची एक पुरचुंडी.

"हे काय?"

"सेल. मी लगेच काढून ठेवले हो. वापरात नसलेल्या वस्तूत सेल ठेवू नयेत, गळतात आणि आतलं सगळं खातात. यांनीच शिकवलंय. टॉर्च असो की घड्याळ, माझी चूक व्हायची नाही."

मुलीचा हात पुरचुंडीवर तसाच राहिला.

"काय गं?"

"काही नाही. बघू या."

तिने सेल घातले, वायर जोडली. या यंत्राशी बोलायला परवानगी आहे का, असं फोनने विचारलं.

"आहे म्हणावं बाबा," बाई म्हणाल्या.

पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कसलीतरी वेडीवाकडी चिन्हं भरभर पडू लागली. बाई पुढे झुकल्या. "आलं! हेच का?"

"नाही आई. डबा एका वेगाने सांगतोय आणि मी दुसऱ्याच वेगाने ऐकतेय. वेग जुळला नाही की असा कचरा दिसतो. तेव्हाचा आकडा आता आठवत नाही मला."

"कमी कर. घाईत अक्षरं सांडतात म्हणायचे."

मुलीने वेग कमी केला. आणखी कमी केला. कचरा थांबला आणि स्वच्छ ओळ आली.

ऐकतेस ना?

ऐकतेस ना?

ऐकतेस ना?

बाईंनी पदराला बोट पुसलं आणि 'हो' दाबलं.

ओळी थांबल्या. खालचा पडदा पांढरा राहिला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटार धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. बाईंनी पुन्हा 'हो' दाबलं.

"आई..." मुलगी म्हणाली. "सेल असेपर्यंतच तो लक्षात ठेवतो. सेल काढले की विसरतो."

बाईंनी पुरचुंडीचा रिकामा कागद हातात घेतला, घडीवर घडी घातली.

"हे त्यांनी नाही शिकवलं," त्या म्हणाल्या.

"माझंच चुकलं. मी फोनवर त्या मेल्या वॉशिंग मशीनचं दळण दळत बसले."

"शिव्याच असतील गं. तुझ्या नवऱ्याला."

दोघींपैकी कुणी हसलं नाही.

थोड्या वेळाने बाईंनी मोबाइलची वायर काढली. कीबोर्ड पुढे ओढून घेतला आणि एकेक अक्षर शोधत कळा दाबू लागल्या. टक. टक. बराच वेळ. काय लिहितेस, असं मुलीने विचारलं नाही, उठून पाणी प्यायला गेली.

लिहून झाल्यावर बाईंनी डबा उलटा केला, सेल काढले आणि कागदात नीट गुंडाळून ठेवले.