धुण्याआधीचं माप

ताईच्या नवऱ्याची पँट लांबीला कमी करून आणायची होती, एवढंच निमित्त. तो मेहुणीच्या टेलरिंगच्या दुकानात गेला आणि तासाभराने परत आला तो पँट तिथेच विसरून, पण पाण्याचा प्रश्न समजून.

"अगं, आत्ता कुठे डोक्यात शिरलं," चहाचा कप हातात घेत तो म्हणाला, "विहिरी एकदा बंद केल्या की तीस वर्षं उघडता येणार नाहीत. करारच तसा आहे. चिऊने काय छान समजावलं!"

ताईने आपला कप असा आदळला की बशीभर चहा सांडला. हे वाक्य तिचं होतं. पान एकोणीस, खालून दुसरी ओळ. पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं काढल्यावर, तीन महिने एकही रविवार सुट्टी न घेता तिने ती सेहेचाळीस पानांची पुस्तिका लिहिली होती. शहराच्या बारा विहिरी आणि पंपघर चालू ठेवायचं, की ते बंद करून चार शहरांच्या सामाईक जलवाहिनीचं पाणी घ्यायचं, यावर येत्या रविवारी सार्वमत होतं. पुस्तिका घरोघर गेली होती. खुद्द तिच्या घरी ती टीव्हीखाली होती, टीव्ही डुगडुगू नये म्हणून.

"मी तुम्हाला हेच आठ वेळा सांगितलंय," ती म्हणाली.

"सांगितलंस गं. पण तू सांगतेस ना, तेव्हा परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

खरं बोलणाऱ्या नवऱ्याचा फार ताप असतो. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

चिऊ तिची धाकटी बहीण. चव्वेचाळीस वर्षांची झाली, चष्मा लागला, तरी चिऊच. शाळेत गणितात दोनदा आपटली. तिच्या वह्यांतली गणितं ताईने सोडवून दिली आणि कौतुक मात्र चिऊच्या हसण्याचं झालं. पाहुणे आले की ताईचं प्रगतिपुस्तक दाखवलं जायचं आणि चिऊला मांडीवर घेतलं जायचं. ताईला ती मांडी हवी होती. पण पन्नाशीच्या बाईने हे सांगायचं तरी कोणाला?

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ऑफिस सुटल्यावर ती पँट आणायला म्हणून दुकानात गेली. पँट बिचारी आता दोघांच्याही उपयोगी पडत होती.

दुकान म्हणजे दोन मशीन, एक लांबलचक कटिंग टेबल आणि गिऱ्हाइकांना बसायला चार स्टुलं. टेबलावर एक ओळखीचं मुखपृष्ठ एकटंच पडलं होतं. चिऊने पुस्तिकेची पानं कात्रीने सुटी केली होती आणि दोरीवर चिमट्यांनी लटकवली होती. समजलेली पानं डावीकडे, न समजलेली उजवीकडे. स्टुलांवर बसड्रायव्हर होता, नर्स होती, कोपऱ्यातला चपला शिवणारा होता. त्यांचे कपडे शिवून, घडी करून केव्हाच तयार होते, पण उठायचं नाव कोणी घेत नव्हतं.

"हे पान मला अजिबात कळलेलं नाही," चिऊ सुईत दोरा ओवत म्हणाली. "नर्सबाई, पुन्हा वाचा बरं, जरा हळू."

तिला कळत नाही याचंही यांना कौतुक! आणि जिला सगळं कळतं ती दारात उभी आहे, तिला कोणी बसही म्हणत नाही. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चालू द्या," ती म्हणाली. "ऑपरेशन करायचं की नाही, हे वॉर्डातल्या पेशंटांना हात वर करायला सांगून ठरवतात का हो, नर्सबाई?"

"नाही मॅडम," नर्स म्हणाली. "पण ज्याच्या पोटावर सुरी चालणार, त्याची सही घेतात. आणि सही घ्यायच्या आधी त्याला समजावून सांगावं लागतं."

सगळे हसले. चिऊ हसली नाही, तिने पटकन स्टूल पुढे केलं. त्याचाच ताईला जास्त राग आला. ती पँट काखेत मारून निघून गेली.

बुधवारी दुपारी चिऊ स्वतःच ऑफिसात हजर. गळ्यात मापाची टेप तशीच, हातात पान सत्तावीस.

"ताई, रागावू नकोस. इथे लिहिलंय, आत्ता दर घराला रोज चारशे लिटर मिळतं, जलवाहिनीचं पाचशे मिळेल. हे चारशे कुठे मोजलं?"

"घराघरांतल्या मीटरवर. दुसरं कुठे मोजणार?"

"आणि हे पाचशे?"

"शहराबाहेरच्या मोठ्या टाकीवर. जलवाहिनीवाल्यांचं पत्र आहे तसं."

"मग एक माप धुतल्यानंतरचं आणि एक धुण्याआधीचं," चिऊ म्हणाली. "कापड आटतं ना गं. मी दोन्ही मापं शेजारी शेजारी ठेवून कधी कापत नाही. टाकीपासून घरापर्यंत पाणी कुठे गळत नाही का?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

चिऊचा चेहरा उतरला. "नाही कळत, म्हणून तर विचारलं. मी कोणाला काही बोलले नाहीये. दोरीवरून पान काढूनच आणलं."

ती गेल्यावर ताईने दार लावून घेतलं. गणित करायची गरजच नव्हती. शहराच्या जुन्या नळांतून चौथा हिस्सा पाणी जमिनीत गळतं, हा अहवाल दरवर्षी तीच लिहायची. पाचशेतून सव्वाशे गेले की राहिले पावणेचारशे. म्हणजे आजच्यापेक्षा कमी! इतकी वर्षं गळती मोजणाऱ्या बाईने स्वतःच्या पुस्तिकेत गळतीच धरली नव्हती.

शहराची काळजी तिला नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की तिलाच का दिसावं? खात्यातल्या सहा इंजिनिअरांपैकी एकालाही दिसलं नाही, मग दोनदा आपटलेल्या चिऊला का? आणि वर तिचा चांगुलपणा! ताई मूग गिळून बसली असती तर चिऊही बसली असती, जन्मभर, एक शब्द न काढता. तो चांगुलपणा जन्मभर अंगावर वागवायचा? त्यापेक्षा चूक कबूल केलेली परवडली.

तिने शुद्धिपत्रक लिहिलं. साहेब म्हणाले, "काढा, काढा. पण वाचणार कोण?" आणि स्वतःही न वाचता सही करून मोकळे झाले.

वाचणारे लोक शहरात कुठे बसतात, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. गुरुवारी संध्याकाळी ती गठ्ठा घेऊन तिथेच गेली. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं. पण ती तोंड उघडायच्या आत चिऊने वरचा कागद उचलला, वाचला, आणि आनंदाने ओरडली, "बघा! ताईच्या लक्षात आलीच चूक! मी म्हटलं नव्हतं, तिच्या नजरेतून काही सुटत नाही?"

टाळ्या पडल्या. बसड्रायव्हर तर उभाच राहिला. ताईला लहानपणापासून हव्या होत्या, अगदी तशाच टाळ्या.

"चूक माझी आहे," ती कशीबशी म्हणाली. "शोधली ती हिने."

"मोठेपणा बघा मॅडमचा!" चपला शिवणारा म्हणाला.

"धाकट्या बहिणीची बाजू घेणारच त्या," बसड्रायव्हर हसला. "टेलरबाई आमच्या लाख चांगल्या आहेत हो, पण हे लिटरबिटर त्यांचं काम नव्हे."

दोन आठवडे जिने त्यांना पानन् पान समजावलं, तिच्याबद्दल ते बोलत होते. चिऊही त्यांच्याबरोबर हसली. मग मान खाली घालून, आधीच ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवायला लागली. ताईने तो चेहरा लगेच ओळखला. रोज आरशात बघत होती ती तो.

खोटं कशाला बोला, ताईला बरं वाटलं. क्षणभर चांगलंच बरं वाटलं. मग तिने टेबलावरचा खडू उचलून चिऊच्या हातात दिला.

"मांड."

"काय?"

"काल मला ऑफिसात येऊन विचारलंस तेच. सगळ्यांना दाखव."

"ताई, माझं गणित तुला माहितीये..."

"चांगलंच माहितीये. मांड."

आणि ती जाऊन नर्स आणि बसड्रायव्हर यांच्यामधल्या स्टुलावर बसली.

चिऊने टेबलावरच्या काळ्या कापडावर चारशे लिहिलं, शेजारी पाचशे लिहिलं. धुतल्यानंतरचं आणि धुण्याआधीचं, तिने सांगितलं. चौथा हिस्सा वाटेत गळतो, म्हणाली, आणि थांबली. पाचशेचा चौथा हिस्सा. उत्तर ताईच्या ओठांवर होतं. ही अडकावी, असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

चिऊने अस्तराची एक पट्टी उचलली. एकदा दुमडली. "पाचशेचे अडीचशे." पुन्हा दुमडली. "अडीचशेचे सव्वाशे." पट्टीचा तेवढा तुकडा तिने कात्रीने कापून टाकला आणि कापडावर लिहिलं, तीनशे पंच्याहत्तर.

"म्हणजे आत्तापेक्षा कमी?" बसड्रायव्हर म्हणाला.

"पाणी कमी. पण विहिरींपेक्षा स्वच्छ, ते पान बारावर आहे," चिऊ म्हणाली. "आता काय हवं ते तुम्ही ठरवा."

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या.

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "मला नव्हतं दिसलं. हिला दिसलं."

या वेळी टाळ्या चिऊसाठी होत्या, आणि मघापेक्षा मोठ्या होत्या. ताईने ते बरोबर मोजलं. मग तिनेही वाजवल्या, सगळ्यांच्या शेवटी, पण वाजवल्या.