कुमारिकेची ओटी

"कुमारिकेची ओटी भरायची नसती, चिमे. तिचं पाय धुवायचं, गोडधोड वाढायचं. ओटी लेकुरवाळीची."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज चिमाबाईंच्या कानात नेमका आत्ताच उमटला. घोडेगावच्या मिशनच्या दवाखान्यात त्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. हिरव्या खणाची घडी त्यांनी मोडली, पुन्हा घातली. समोरच्या कोनाड्यात मरियामाता उभी होती. निळा पदर, कडेवर बाळ.

सुनेला, अश्विनीला, तपासायला त्या पहिल्यांदा इथे आल्या, तेव्हाच या मूर्तीपुढे हात जोडले होते. माझ्या सुनेला लेकरू दे, तुझी ओटी भरीन. तुळशीला पाणी घातल्याशिवाय घोटभर चहा न घेणाऱ्या चिमाबाई बोललेला नवस विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. आता लेकरू आलं होतं. त्यांच्या मुलाने, भरतने, आणि अश्विनीने पुण्याच्या एका संस्थेतून तान्ही मुलगी दत्तक घेतली होती. रविवारी नारायणगावात त्यांच्या घरी बारसं होतं.

हौशीराम मात्र ऐकायला तयार नव्हते.

"लेकरू दिलं कुठं तिनं?" सकाळीच ते बायकोला म्हणाले होते. "ते आनलं. कुनाचं, कुठलं, बाप कोन, कशाचा पत्त्या न्हाई. नवस फळलाच न्हाई, तर फेडायला कशापायी निघालीस?"

"अवो, पोरीला बघा तरी एकदा."

"मला न्हाई बघायचं."

भरतला बहीण नव्हती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, कुंची-झबलं आणायचं तेही तिनंच. भरतच्या लग्नात कुणी तरी यावरून चेष्टा केली, तेव्हा हौशीराम भर मांडवात सुनेला म्हणाले होते, "काळजी करू नगं पोरी, आत्या मी व्हतो." मांडव हसला होता. परवा भरतने एसटीडी बूथवरून फोन केला, तेव्हा त्याने एवढंच विचारलं होतं, "आई, आत्या येणार हाय का?"

नर्स मार्थाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"चिमाबाई, बऱ्याच दिवसांनी. तब्येत बरी ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय. नवस फेडायला आले. पन बाई, एक अडलंय." चिमाबाईंनी मूर्तीकडे पाहिलं. "हिला तुमी कुमारी म्हनता. आन् कडंवर लेकरू. मग मी पाय धुवू का ओटी भरू?"

मार्थाबाई हसल्या, पण लगेच शेजारी येऊन बसल्या.

"हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. फादर जास्त नीट सांगतील."

"फादर लई शुद्ध बोलत्यात. तुमीच सांगा."

मार्थाबाई मूर्तीकडे वळल्या.

"आम्ही मानतो की येशूला माणूस बाप नव्हता. देवाच्या आत्म्यानं तो हिच्या पोटी आला. म्हणून तो देवाचा, आणि हिच्या रक्तामांसाचा म्हणून आपलाही. लोक नुसता चमत्कार धरून बसतात. मला त्याचा अर्थ असा वाटतो, की जगाला तारणारा माणसाच्या बळावर आला नाही. देवानं आपणहून दिला. हिनं फक्त 'होऊ दे' म्हटलं."

"आन् हिचा नवरा?"

"योसेफ. सुतार होता. लग्न ठरलेलं होतं. त्याला कळलं तेव्हा तो गुपचूप मोडणार होता. बोभाटा न करता. भला माणूस."

"मोडलं का?"

"नाही. स्वप्नात देवदूत आला. म्हणाला, भिऊ नको, तिला घरी आण. आणि बाळाचं नाव तू ठेव."

"त्यानं ठेवायचं? त्याचं नसताना?"

"त्यानंच. नाव ठेवलं आणि तो बाप झाला. आम्ही आजही त्याला बापच म्हणतो."

चिमाबाई पिशवी घेऊन उठल्या. कोनाड्याजवळच्या तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवून त्यांनी आधी मूर्तीची पावलं पुसली. मग खण, नारळ, तांदूळ पायांशी ठेवले.

"चालंल का बाई? तुमच्यात असतं का असलं?"

"नसतं," मार्थाबाई म्हणाल्या. "पण ती नाही म्हणेल, असं मला वाटत नाही."

शिनोलीला घरी आल्यावर दिवेलागणीला चिमाबाईंनी भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. कुठेही आवाज चढवला नाही, स्वतःचं काही घातलं नाही. हौशीराम भाकरी कुस्करत होते.

"सुतार व्हता म्हनतेस?"

"हां."

"आन् लोकं काय म्हनली त्याला?"

"म्हनली असतील काहीबाही."

"आन् तो?"

"त्यानं नाव ठेवलं."

हौशीरामांनी वाटीतलं कालवण भाकरीवर ओतलं. बराच वेळ नुसतंच कालवत राहिले. मग न जेवता ओसरीवर जाऊन बसले. चिमाबाईंनी ताट झाकून ठेवलं. सकाळी पाहिलं, तर ते रिकामं होतं.

शनिवारी ते घोडेगावला जाऊन आले. विहिरीवरच्या मोटारीचं सामान आणायचंय म्हणाले. आल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं त्यांनी फळीवर उंच ठेवलं. चिमाबाईंनी विचारलं नाही. बारशाचंही पुन्हा काढलं नाही.

रविवारी तुळशीला पाणी घालून त्या निघाल्या, तेव्हा हौशीराम घरात नव्हते. रानात पाणी धरायला गेले असतील. त्यांनी दार ओढून घेतलं, घुगऱ्यांचा डबा उचलला आणि फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या. मंचरला गाडी बदलायची होती. एकटीनंच.

यष्टी लांब वळणावर दिसली, तेव्हा मागून चपलांचा आवाज आला.

हौशीराम होते. दाढी केलेली, टोपी परीटघडीची. काखेत तेच पुडकं. घाईत कागद एका कोपऱ्यात फाटला होता आणि त्यातून कुंचीचा लाल गोंडा बाहेर आला होता.

चिमाबाईंनी गोंड्याकडे पाहिलं. मग मुद्दाम रस्त्याकडे.

"मोटारीचं सामान का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," हौशीराम म्हणाले. त्यांनी गोंडा बोटाने हळूच आत ढकलला आणि यष्टीला हात केला.