अकरा रुपये बाकी

काकासाहेब अर्ध्या किलोचे गुळाचे पुडे बांधत होते, तेवढ्यात अर्पितानं आपला मोबाइल थेट काट्यावर ठेवला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं. नाहीतर त्याचाही गुळाच्या भावानं हिशेब झाला असता.

"अण्णा, हे बघा आधी."

कपाळावरचा चष्मा त्यांनी खाली ओढला. क्रेडिट कार्डाचं बिल होतं. कार्ड लेकीचं, म्हणजे अर्पिताचं; ती जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिनं त्याच कार्डाला जोडून अण्णांच्या नावाचं दुसरं कार्ड काढून दिलं होतं. केदारखेड्यात असं कार्ड बाळगणारा किराणावाला आपण एकटाच, असा काकासाहेबांचा समज होता आणि तो मोडायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. जालन्याहून माल भरताना ते कार्ड अशा थाटात काढत, की ठोक व्यापाऱ्याला चहा मागवावाच लागे. बिल अर्पिताच्या मोबाइलवर येई, ती एकूण आकडा कळवी आणि काकासाहेब तारखेच्या आधीच पैसे भरून मोकळे होत. बिलाच्या पोटात काय लिहिलंय, ते तिनं या महिन्यात पहिल्यांदा वाचलं होतं.

"दर महिन्याला अकरा रुपये कमी भरून राह्यले तुम्ही," ती म्हणाली. "काऊन?"

काकासाहेबांना यात चूक सापडेना. त्यांच्या दुकानात जुनं गिऱ्हाईक कधीच सगळं खातं चुकतं करत नसे. सुगी झाली की हिशेब व्हायचा आणि दहा-वीस रुपये मुद्दाम मागे ठेवले जायचे. तेवढ्यावर येणं-जाणं टिकतं. पै न् पै देऊन गेलेलं गिऱ्हाईक एकच, गावातला भारत, तेही भांडण झाल्यावर. तेव्हापासून तो दुकानासमोरून जाताना पलीकडच्या लिंबाकडे बघत जातो आणि काडीपेटीसुद्धा भोकरदनहून आणतो.

अर्पितानं शांतपणे समजावलं. अकरा रुपये राहिले म्हणून व्याज अकरा रुपयांवरच लागतं असं नाही. बिनव्याजी दिवसांची सवलतच जाते आणि माल घेतला त्या दिवसापासून सगळ्या खरेदीवर व्याज चढतं. पुढं नवा माल घेतला, तर त्यावरही पहिल्या दिवसापासून.

"या महिन्यात सहाशे चाळीस रुपये गेले, अण्णा."

"मला वाटलं, हमाली असंल," काकासाहेब म्हणाले. "बँकेलाबी माणसं लागतेत."

आतल्या दारात लसूण सोलत बसलेल्या अर्पिताच्या आईनं, नंदाबाईंनी, तोंडाला पदर लावला. अर्पिता मात्र हसली नाही. इथून पुढं बिल पूर्ण भरा, नाहीतर कार्ड परत द्या, असं तिनं सांगून टाकलं.

काकासाहेबांचा हात खिशावर गेला. कार्ड गेलं तर व्यापाऱ्याचा चहा जाईल, हे खरंच. पण त्यांचं तोंड उतरलं ते चहासाठी नव्हे. त्यांनी गुळाचा एक खडा उचलला आणि परत परातीत ठेवला.

"बँकेचं सोड. बँक काय आपली सोयरी हाय? पण खातं तुझं हाय, माय. लेकीचं खातं कोरं कसं करू?"

अर्पिताला एकदम भरून आलं. ते दिसू नये म्हणून ती मोबाइल पुसत बसली. गुळानं तो चिकट झालाच होता. मग तिनं तो वडिलांसमोर धरला आणि कोणता आकडा भरायचा ते दाखवलं. काकासाहेबांनी आपल्या मोबाइलवर एकेक अंक दाबला. शेवटच्या अंकावर बोट अडखळलं, पण त्यांनी तो दाबला. बाकी शून्य झाली. तिची पाठवणी करतानाही त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

गाडीची वेळ झाली. निघता निघता अर्पिता गल्ल्याशी थांबली, गुळाचा एक पुडा उचलला आणि पिशवीत टाकला. आजवर दुकानातलं काहीही नेलं तरी तिच्याशी पैशाचा विषय कधी निघाला नव्हता.

"अर्धा किलो गूळ. माझ्या नावावर मांडून ठेवा."

"लेकीच्या नावावर?"

"आन् सगळं फेडणार न्हाई मी, आधीच सांगते. थोडं मागं राहील."

ती वळणाआड जाईपर्यंत काकासाहेब बघत राहिले. मग त्यांनी उधारीची वही काढली, नवं पान उघडलं, वर ठळक अक्षरांत अर्पिताचं नाव लिहिलं आणि पेन तसंच धरून आत पाहिलं.

"काय गं, व्याज लावायचं का हिला?"

नंदाबाईंनी लसणातून मान वर केली नाही.

"हमाली लावा फक्त."